ना अल्याड, ना पल्याड

"बाई सुवासिनी, की...?" गुरुजींनी वाक्य अर्धेच सोडले.

२०१६ सालचा श्रावण होता. बंगळुरूत पहाटेपासून भुरभुर पाऊस लागला होता आणि बाहेरच्या खोलीत मामीला चटईवर निजवले होते. प्रश्न तसा सरळ होता. साडी कोणती नेसवायची, कुंकू लावायचे की नाही, ओटी भरायची की नाही, सारे त्यावर अवलंबून. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, मी भावाकडे. सदतीस वर्षे आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर कुणालाच देता आले नव्हते.

१९७९ च्या जूनमध्ये मामा बेळगावहून मुंबईच्या रात्रीच्या बसमध्ये बसला. नोकरीची मुलाखत होती. तो तिथे पोचलाच नाही, एवढेच पुढे कळले. पोलिसांत वर्दी दिली, पेपरात फोटो छापला, पंढरपूर, नाशिक, काशी पालथी घातली, ज्योतिषी झाले. मामी तेव्हा एकोणतीस वर्षांची, पदरी मूल नाही. आजी गेल्यावर, १९८८ साली, ती आमच्याकडे कुक टाउनच्या घरी राहायला आली आणि मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली.

तिच्या दुःखाचा तिने कधी बाऊ केला नाही. अडचण व्हायची ती इतरांची. चैत्रातल्या हळदीकुंकवाला इथल्या मराठी बायका जमत. करंडा घेऊन रांगेने येणारी बाई मामीपुढे आली की तिचा हात क्षणभर थबकायचा. मग मामीच हसून कपाळ पुढे करायची.

अशा माणसाला आपल्याकडे त्रिशंकू म्हणतात. सदेह स्वर्गाला जायचा हट्ट धरणारा तो राजा. विश्वामित्राने वर पाठवला, इंद्राने खाली ढकलला आणि विश्वामित्राच्या 'थांब' या शब्दासरशी मधेच उलटा लटकला. त्याचा तारकासमूह एप्रिल-मे महिन्यांत रात्री दक्षिण क्षितिजाजवळ दिसतो, पुण्यापेक्षा बंगळुरूहून जरा वर. एकदा वीज गेली म्हणून आम्ही गच्चीत बसलो होतो. मी मामीला ते चार तारे दाखवले. ती म्हणाली, "हा उलटा कुठं आहे गं? चांगला सरळ उभा दिसतोय." मग थोडे थांबून, "आणि याची बायको कुठं आहे?"

खरेच, त्रिशंकूच्या बायकोचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

आपल्या शास्त्रकारांना मात्र मागे राहणाऱ्यांची काळजी असावी. बारा वर्षे पत्ता लागला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, याला पालाशविधी म्हणतात. कायदा त्याहून घाईचा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सात वर्षे ठरवली, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तीच सात आहेत. म्हणजे १९८६ साली मामीला मामाच्या विम्याचे पैसे मागता आले असते. तिने तो कागद ट्रंकेत तळाशी घातला.

१९९१ साली बारा वर्षे भरली, तेव्हा थोरल्या काकांनी पालाशविधीचा विषय काढला. "देठं जाळली आणि तो दारात उभा राहिला तर?" मामीने विचारले. शास्त्राने त्याचीही सोय केली आहे! परतलेल्या माणसाचे जातकर्मापासून सारे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याच्याच बायकोशी त्याचे पुन्हा लग्न लावायचे. काकांनी हे गंभीरपणे सांगितले. मामी पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होती. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडली, ते मी पाहिले. विषय तिथेच संपला.

तिला पार्वतीबाईंची मोठी ओढ होती. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाई रणधुमाळीतून पुण्याला परत आल्या, पण भाऊसाहेब गेले हे त्यांनी मानले नाही आणि कुंकूही पुसले नाही. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा तोतया उपटला, त्याच्यामागे फौज जमली आणि १७७६ साली त्याला देहान्ताची शिक्षा झाली. आपण ती कथा बंडाची म्हणून वाचतो. मामी म्हणायची, "तोतया आलाय असं कळल्यावर त्या बाईला त्या रात्री झोप लागली असेल का, ते कुणी लिहीत नाही."

यू. आर. अनंतमूर्तींच्या 'संस्कार'वरचा १९७० चा कन्नड चित्रपट आम्ही दोघींनी टीव्हीवर पाहिला होता. त्यात आचार सोडलेला एक ब्राह्मण मरतो. त्याचे दहन कुणी करायचे हे ठरत नाही, आणि प्रेत घरात आहे तोवर अग्रहारात चूल पेटत नाही. गिरीश कार्नाडांचा प्राणेशाचार्य पोथ्या उलगडतो, पण उत्तर सापडत नाही. मेलेला सुटला, अडकले ते जिवंत. चित्रपट संपला तेव्हा मी भारावले होते. मामी उठून दिवा लावत म्हणाली, "निदान त्यांच्याजवळ प्रेत तरी होतं."

आमच्या शेजारी मंगळूरकडच्या एक कॅथलिक आंटी राहायच्या. त्या कोंकणीत बोलत, मामी मराठीत, आणि दोघींचे झकास जमे. २००७ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी आंटी हातात इंग्रजी पेपर घेऊन आल्या. बातमी रोमची होती. बाप्तिस्मा न होता दगावलेल्या बाळांना देव आपल्याजवळ घेईल अशी आशा धरायला सबळ कारण आहे, असे पोपच्या संमतीने धर्मपंडितांनी जाहीर केले होते.

मला त्यात विशेष काय ते कळेना. तेव्हा आंटींनी सांगितले. १९५० नंतरच्या दशकातली गोष्ट, त्यांचे पहिले बाळ चार तास जगले. बाप्तिस्मा झाला नव्हता. अशी बाळे स्वर्गात जात नाहीत, नरकातही नाही, ती 'लिंबो'त राहतात, असे त्यांना लहानपणी शिकवले होते. लॅटिनमध्ये 'लिंबुस' म्हणजे काठ, साडीला असते तशी किनार. दांतेच्या महाकाव्यात नरकाचे पहिले वर्तुळ हेच. तिथे छळ नाही, अश्रू नाहीत, नुसते उसासे आहेत. लिंबो हा चर्चचा पक्का सिद्धान्त कधीच नव्हता, पण शतकानुशतके आयांनी तो खरा मानला. गावच्या दफनभूमीत बाळाला जागा मिळाली नाही, कुंपणाबाहेर पुरले. "आणीबाणीत कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, बाय," आंटी म्हणाल्या. "थेंबभर पाणी घालायचं. तांब्या उशाशी होता. मला सुचलं नाही."

पन्नासहून अधिक वर्षे त्या तांब्यापाशी थांबल्या होत्या.

पुढच्या रविवारी त्यांनी बाळाच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा सांगितली. नाव त्यांनी मनात ठेवलेलेच होते. मी आणि मामी दोघी गेलो, मागच्या बाकावर बसलो. येताना मामी रिक्षात गप्प होती.

गुरुजींना उत्तर शेवटी मामीनेच दिले. कपाट उघडले तर वरच्याच खणात हिरवी साडी, खण आणि नारळाचे पैसे रुमालात बांधून ठेवलेले. वर चिठ्ठी: 'एवढे करा'. विम्याचा कागद ट्रंकेत तसाच होता.

पण मला आठवते ती २००७ ची सर्वपित्री. सासूबाई-सासऱ्यांची पाने झाल्यावर मामीने खीर-वड्यांची आणखी दोन पाने वाढली आणि गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवली.

"ही कुणाची?" मी विचारले.

"एक आंटीच्या बाळाचं."

"आणि दुसरं?"

"विचारू नकोस."

आम्ही उन्हात उभ्या राहिलो. कावळा काही येईना. इतक्यात वरून एक घार आली, दोन्ही पानांवर झडप घालून वडे उचलून नेले, खीर कठड्यावर सांडली. मी हळहळले.

"जाऊ दे," मामी पाण्याने कठडा धुऊ लागली. "घेतलं ना कुणीतरी."