कोंड्याचा मांडा

कोंड्याचा मांडा करणे हा वाक्प्रचार गृहिणीच्या कौशल्याची थोरवी सांगतो. कोंडा मात्र त्यातही दारिद्र्याची खूणच राहतो. आमच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत सुबत्ता आली, तेव्हा ताटाबाहेर पहिल्याने गेला तो हा कोंडाच.

आमच्या बालपणी सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळांची पेज हे घरोघरचे खाणे होते. सोबत तोर, तांबडी भाजी किंवा अळसांद्यांचे तोणाक. भात उकडून, वाळवून गावच्या गिरणीत सडले जाई आणि दाण्यावर तांबूस साल शिल्लक राही. उकडल्याने कोंड्यातील काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात. चोथा मात्र त्या सालीतच असतो. पुढे डिचोलीत खाणींचा आणि पेडण्यात पर्यटनाचा पैसा आला, कित्येक शेते पड राहिली आणि पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा ठरला. मोरडावरचे नाचणे तर जवळजवळ विस्मरणातच गेले.

याची किंमत लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत सर्वाधिक. याला बैठे जीवन, वाढते वजन, आनुवंशिकता अशी अनेक कारणे आहेत. परंतु ताटाचा विचार आपल्या हाती आहे. काही प्रकारचा चोथा पाण्यात बुळबुळीत होतो आणि साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. उरलेला कोठा साफ ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सुचविला आहे. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात तो जेमतेम तीन ग्रॅम असतो. तेवढ्याच कुळथात सुमारे आठ, तर नाचण्यात आणि अळसांद्यांत अकराच्या आसपास.

आमच्या थोरल्या बंधूंना मधुमेह निघाला, तेव्हा कोणीतरी औषधांच्या दुकानातून चोथ्याच्या भुकटीचा डबा आणून दिला. परसात त्या वेळी तांबडी भाजी कमरेएवढी उभी होती! वहिनींनी डबा फडताळात ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.

तरीही जुने ते सारेच हितकर, असे आम्ही म्हणणार नाही. वाडगाभर नुसती पेज मधुमेह्याची साखर वाढवतेच. ती पचवणारे शेतातले श्रमही आता उरलेले नाहीत. म्हणून भात थोडा कमी घ्यावा, तोही तांबूस दाण्याचा. आणि तोणाक व भाजी वाढवावी. पोदेराकडून पोई घेताना तिच्यात खरेच कोंडा आहे की मैदाच, हे विचारावे. तिजाणात गूळ हात राखून घालावा. सवय नसलेल्याने चोथा हळूहळू वाढवावा आणि पाणी भरपूर प्यावे, नाहीतर पोट तक्रार करते.

यातले काहीही महाग नाही. अडते ते मानापाशी. पाहुणा आला की पेजेचे भांडे झाकायचे आणि पांढरा पाव पुढे करायचा, ही लाज सोडणे औषधापेक्षा कठीण. चवथीच्या खतखत्यात सुरण, माडी, नीरफणस, शेवगा अशा पाच-सात भाज्या देवाच्या नावाने पोटात जातात. वर्षाच्या इतर दिवशी त्या आपल्या स्वतःच्या नावाने जाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.