टीकाकार आणि तिकिटांची रांग

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीचें इंग्रजी संगीत नाट्यरूप ऑक्टोबर १९८५ मध्यें लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहांत प्रथम रंगलें, तेव्हां बहुतेक टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. एवढी विशाल कादंबरी सुमारें ३ तासांच्या गाण्यांत कोंबून तिचा भावविवश देखावा केला, असा त्यांच्या आक्षेपांचा मथितार्थ होता. प्रेक्षकांनीं मात्र तिकिटांसाठीं रांगा लावल्या. ४० वर्षें उलटल्यावरही लंडनांत तें नाटक चालूं आहे. १८६२ सालीं मूळ कादंबरीचेंही असेंच झालें होतें: कित्येक समीक्षक नाराज, वाचक मात्र तिच्यावर तुटून पडलेले.

आयुष्यभर वर्गांत वाङ्मय शिकविणाऱ्या मला हा प्रश्न स्वस्थ बसूं देत नाहीं. टीकाकारांचा मुद्दा पोकळ नव्हता. वॉटर्लूच्या रणांगणाचें प्रदीर्घ वर्णन, पॅरिसच्या गटारांचा इतिहास हें सारें रंगभूमीवर येणें अशक्यच. आणि गर्दी ही कांहीं गुणवत्तेची सनद नव्हे. परंतु गेलेल्याचा हिशेब मांडतांना उरलेलें तपासावयाचें राहून गेलें. ज्या बिशपनें आसरा दिला, त्याचींच चांदीचीं भांडीं चोरून झां व्हाल्जां पळतो. पकडून आणल्यावर बिशप तीं आपणच दिलीं असें सांगून वर दोन शामदानें त्याच्या हातीं ठेवतो. या एका क्षमेवर कादंबरी उभी आहे, आणि नाटकही.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतों, रूपांतरांत पानें किती गळलीं हें अवश्य मोजा. पण मूळ जिवंत आहे कीं नाहीं, तें आधीं पाहा.