दरजेतलं निळं

पहिल्या वर्षी तीन रोपं मेली. तिन्ही मीच मारली, तीही लाड करून.

पश्चिम लंडनमधल्या या घराच्या मागच्या अंगणात कमरेइतकी उंच, जुनी विटांची भिंत आहे आणि तिच्या पायथ्याशी चिकणमातीचा वाफा. ही माती हिवाळ्यात बूट सोडत नाही, आणि उन्हाळ्यात तिला बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात. रोपवाटिकेत निळ्या फुलांची तीन ठेंगणी रोपं दिसली, ती मी वाफ्यात लावली. साताऱ्याला आई लावायची तशीच: खोल खड्डा, तळाशी भरपूर कुजलेलं खत, भोवती आळं, रोज संध्याकाळी पाणी. ऑगस्टपर्यंत पानं नुसती माजली होती. फेब्रुवारीत एक रोप सहज चाचपलं, तर अख्खा गड्डा हातात आला. खाली मुळं नव्हतीच, तपकिरी लगदा होता.

"थंडीनं गेली," मी म्हटलं.

कुंपणापलीकडच्या आजोबांनी तो गड्डा हातात घेऊन वास घेतला. "थंडीनं नाही, बुडून मेली," ते म्हणाले.

ती रोपं कॅम्पॅन्युलाची. कॅम्पॅन्युला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी घंटा. आमच्या घरात तिचं नाव 'घंटी' पडलं. मी मारली ती कॅम्पॅन्युला कार्पॅटिका. मूळची ती युरोपातल्या कार्पेथियन डोंगरांतली, खडकांच्या फटींतून वाढणारी. तिथली थंडी लंडनपेक्षा कितीतरी कडक, पण फटीतलं पाणी थांबत नाही, निथळून जातं. हिवाळ्यात रोप झोपलेलं असतं, पाणी ओढत नाही. अशा वेळी चिकणमातीत साचलेलं पाणी मुळांभोवतीची हवाच काढून टाकतं, आणि मुळं कुजतात. साताऱ्याच्या उन्हात आईचं आळं झाड जगवतं, इथल्या जानेवारीत तेच आळं झाडाची विहीर होतं.

गंमत म्हणजे मला हे कळायला हवं होतं. कासचा सडा साताऱ्याच्या आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. कातळावर बोट-दोन बोटं माती आणि त्यात फुलांचे गालिचे, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण तिथली सीतेची आसवं पावसाच्या पाण्यात उभी राहून फुलतात, आणि पाणी आटलं की संपतात. कातळावर उगवतं ते सगळं एकाच रीतीनं जगत नाही, एवढं त्यातून शिकायचं राहून गेलं होतं. घंटीची एक नातलगही आपल्याकडे आहे. महाबळेश्वरच्या वाटेवर माणसाहून उंच वाढणारी, पांढऱ्या तुऱ्यांची ढवळ ही याच कुळातली. या ठेंगणीला शेजारी उभं केलं तर कुणी बहिणी म्हणणार नाही.

दुसऱ्या वर्षी मी वाफा सोडला आणि भिंतीकडे वळले. भिंत चुन्यात बांधलेली, विटांमधल्या दरजा ठिकठिकाणी पोकळ झालेल्या. घंटीला चुन्याचं वावडं नाही, उलट तो मानवतो. तिथे मी लावली कॅम्पॅन्युला पोर्टेनश्लागियाना. हे जिभेला फेस आणणारं नाव फ्रान्झ फॉन पोर्टेनश्लाग या ऑस्ट्रियन वनस्पतीतज्ज्ञावरून आलं. क्रोएशियाच्या किनाऱ्यालगतच्या डाल्मेशियातले चुनखडीचे डोंगर हे तिचं माहेर. तिचं जुनं नाव 'म्युरॅलिस', म्हणजे भिंतीवरची. हे नाव आधी वाचलं असतं तर तीन रोपं वाचली असती.

भिंतीत रोप लावणं हे बागकामापेक्षा गवंडीकामाच्या जवळचं. मोठं रोप चालत नाही. बोटभर मुळं असलेली बारकी रोपटी घ्यायची, मुळांवरची माती झटकायची, ओल्या शेवाळात गुंडाळून वळी करायची आणि मुळं आत, पानं बाहेर अशी ती दरजेत सरकवायची. मग उरलेल्या फटीत बारीक खडी आणि थोडी माती कालवून काडीनं ठासायची. पोकळी राहिली की मूळ वाळतं. पहिले पाच-सहा आठवडे फवाऱ्यानं ओलावा द्यायचा, नंतर हात आखडता घ्यायचा. खत नाहीच. वेळ एप्रिलची किंवा सप्टेंबरची. आणि हा उद्योग बागेच्या भिंतीतच करावा, घराच्या नाही. बारा रोपट्यांतली सात जगली. तिसऱ्या जूनमध्ये त्या सातांनी भिंतीचा वरचा हातभर भाग जांभळट निळ्या घंट्यांनी झाकून टाकला. वीतभर उंचीचं झाड भिंतीत चढवलं की फुलं पाहायला वाकावं लागत नाही.

तिची चुलत बहीण पोशार्स्कियाना मात्र जपून आणावी. फिकट निळ्या चांदण्यांसारखी फुलं, हातभर लांब लोळणाऱ्या काड्या आणि जमिनीखालून पसरायची खोड. पायरीच्या फटीत लावलेली माझी पोशार्स्कियाना दोन वर्षांत शेजाऱ्यांच्या फरशीतून वर आली. आजोबा म्हणाले, "पासपोर्ट न दाखवता आली." आता दर वसंतात मी तिला खुरप्यानं सीमा आखून देते. वाफ्यातही शेवटी कार्पॅटिका लावलीच, पण माती वीतभर उंच करून, तिच्यात तिसरा हिस्सा खडी मिसळून. गड्ड्याच्या गळ्याभोवती खडीचा थर दिला, म्हणजे पानांखाली ओल राहत नाही. शेंबड्या गोगलगाईंना मात्र खडीची भीती नाही. पावसाळी रात्री बॅटरी घेऊन त्या वेचायला लागतात, त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आई आली. सकाळी उठून तांब्या घेऊन सगळ्या झाडांना पाणी घालत फिरायची. भिंतीपाशी मी तिला अडवलं. "हिला नको." आईनं माझ्याकडे पाहिलं. "फुलं येतात, आणि तहान लागत नाही होय?"

जुलैच्या मध्याला पहिला बहर ओसरला. या वेळी काड्या मुळापासून दोन बोटांवर छाटल्या तर नवी पानं फुटतात आणि ऑगस्टच्या शेवटी पुन्हा थोडी फुलं येतात. मला हे ठाऊक होतं, पण अजून चार फुलं बाकी आहेत म्हणून दर वर्षी माझी कात्री अडायची. आईची अडली नाही. "शेवंतीचे शेंडे खुडायला रडायचीस लहानपणी, अजून तशीच आहेस," म्हणत तिनं कात्री माझ्या हातून घेतली. पाण्याच्या बाबतीत तिला इथलं गणित पटत नव्हतं, पण छाटणीचं गणित तिच्या बोटांत चाळीस वर्षं मुरलेलं होतं.

मी तिला एक फूल उघडून दाखवलं. घंटीत पुंकेसर कळीतच आपले पराग मधल्या दांड्याच्या लवेवर ठेवून देतात आणि फूल उमलेपर्यंत सुकतात. पराग माश्यांनी नेले की मग दांड्याचं टोक तीन भागांत उकलतं आणि बाहेरून आलेला पराग घेतं. फूल आधी देतं, मग घेतं. टोक उकलून मागे वळलेलं असलं की त्या फुलाचं काम झालं. त्यावरून काडी निवडावी, असं मी सांगत होते आणि आईनं मला थांबवलं. "यात काहीतरी आहे."

संध्याकाळ होत आली होती, ढग होते. घंटीच्या तळाशी पाच-सहा मिलिमीटरची काळी मधमाशी अंग मुडपून निजली होती. शेजारच्या फुलात आणखी एक. ही किलोस्टोमा कॅम्पॅन्युलॅरम. तिच्या माद्या पिलांसाठी पराग गोळा करतात ते घंटीच्याच फुलांतून, आणि नर रात्री किंवा पावसात याच फुलांत झोपतात. मला ती माहीत होती, पण कात्री हातात असताना मी आत कधी डोकावले नव्हते.

आईनं काडी हळूच सोडली. "डावीकडचं आज कापू. उजवीकडचं पंधरा दिवसांनी." तेव्हापासून मी भिंतीवरची घंटी अर्धी-अर्धी कापते. डावीकडे पालवी फुटते तोवर उजवीकडे मुक्कामाची सोय राहते, आणि दुसरा बहरही मागेपुढे येत लांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहत होते. आईनं तांब्यातलं पाणी गुलाबाला घातलं, टोमॅटोला घातलं. भिंतीपाशी आली, थबकली. मग बोटं बुडवून चार थेंब निळ्या फुलांवर शिंपडले, देवावर शिंपडतात तसे.

तेवढ्या पाण्यानं घंटी बुडत नाही.