रामाच्या नावाची नोंद

नांदगावावरून मनमाडकडे जाणारे रूळ नागपूरला मुंबईशी जोडतात. औरंगाबादला आगगाडी पोहोचण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहू इच्छिणारे प्रवासी नांदगावच्याच स्थानकावर उतरत आणि पुढचा मुलूख गाडीबैलांनी कापीत. पुढे ती वर्दळ ओसरली, आणि दूरच्या लोकांची प्रस्थाने पाहणे एवढेच बहुधा या फलाटाच्या वाट्याला उरले. नागपुरात जन्मून, वडिलांपाशी आणि काकांपाशी संगीताचे पहिले पाठ घेऊन, पियानो व अॅकॉर्डियन यांवर हात बसवून मुंबईत नशीब अजमावण्यास गेलेले, ‘रामलक्ष्मण’ या संगीतकार जोडीतील विजय पाटील यांचे स्मरण मला या मार्गामुळे वारंवार होते.

आमच्या नांदगाव तालुक्यातही वादकांच्या जोड्या जमतात. पेटीवाला आणि तबलजी, संबळ आणि तुणतुणे असे दोघे जण एकमेकांच्या श्वासाचा अंदाज घेत पाच-दहा वर्षे गावोगावच्या सुपाऱ्या घेतात, जत्रेत नाव कमावतात. आणि मग एकाची रेल्वेतील बदली, दुसऱ्याच्या घरची नड किंवा बिदागीच्या वाटणीवरून आलेले वितुष्ट यांमुळे ती जोडी अशी विरते, की मोडल्याची तिथीही कोणास सांगता येत नाही.

मुंबईत विजय पाटील यांनी ‘अमर विजय’ नावाचा वाद्यवृंद चालविला. सुरेंद्र या सहकाऱ्यासह त्यांना चित्रपटसृष्टीचे दार उघडून दिले ते दादा कोंडके यांनी. १९७५ सालच्या ‘पांडू हवालदार’पासून सुरेंद्र राम झाले आणि विजय लक्ष्मण. ज्या ठसकेबाज चालींवर तंबूतील प्रेक्षक माना डोलवीत, त्यांत वाद्यवृंदाच्या व्यासपीठावर मिळालेली श्रोत्यांच्या नाडीची जाण होती, आणि विद्वत्तेच्या तराजूत ती हलकी ठरविणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. पुढे राजश्री या निर्मितीसंस्थेच्या ‘एजंट विनोद’ या हिंदी चित्रपटाचे काम हाती आले, परंतु तो चित्रपट १९७७ साली पडद्यावर येण्यापूर्वीच, १९७६ मध्ये, सुरेंद्र निवर्तले. जोडीचा उदय आणि अंत यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर!

तालुक्याच्या कचेरीत खातेदार मरण पावला की फेरफाराची नोंद होते, वारसांची नावे चढतात आणि मृताचे नाव कमी केले जाते. दप्तराचा तो निर्विकार शिरस्ताच आहे. विजय पाटील यांनी आपल्या खात्यावरून ते नाव कमी केले नाही. चाली त्यांनी एकट्याने बांधल्या, वादकांना एकट्याने सांभाळले, आणि श्रेयनामावलीत मात्र ‘रामलक्ष्मण’ एवढेच येत राहिले, त्यातही दिवंगत मित्र आधी आणि आपण मागून. नाव प्रसिद्ध होते म्हणून ते राखले, असे कोणी म्हणेल. तथापि हे नाव तेव्हा मराठीत नुकतेच रुळत होते आणि हिंदीत त्याला कसलीच पत नव्हती. शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीतील शंकर यांनी १९७१ साली जयकिशन गेल्यावर जोडनाव राखले, तेव्हा त्यामागे दोन दशकांची कीर्ती उभी होती; येथे कीर्ती अद्याप यावयाची होती, आणि ती आली तेव्हा तिचा अर्धा वाटा आधीच एका अनुपस्थित माणसाच्या नावे लिहून ठेवलेला होता.

१९८९ साली ‘मैने प्यार किया’ आला आणि त्याच्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ने लग्नघरांचा ताबा घेतला, आणि नांदगावच्या वरातीतील बँडवाल्यांनीही ती गाणी क्लॅरिओनेटवर उतरविली. वाजविणाऱ्यांची आणि नाचणाऱ्यांचीही समजूत अशी, की राम आणि लक्ष्मण असे दोन गृहस्थ मुंबईत बसून या चाली बांधीत आहेत. त्या समजुतीस चूक म्हणण्यास माझे मन घेत नाही.

महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार विजय पाटील यांना २०१८ साली जाहीर झाला, आणि २२ मे २०२१ रोजी नागपुरातच त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर वृत्तपत्रांनी ‘रामलक्ष्मण गेले’ असे छापले. मराठी चित्रपटसंगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तरी पंचेचाळीस वर्षे आधी गेलेल्या सुरेंद्र यांना स्वतंत्र परिच्छेद द्यावा. त्यांच्या सहकाऱ्याने ती जागा आयुष्यभर मोकळी ठेवली आहे.