तीन पाट

आमच्या अंगणातलं गटाराचं चेंबर मी स्वतः फरशीखाली गाडलं. 2016 च्या मार्चमध्ये, सिंहस्थ महिन्याभरावर आला असताना. पुण्याहून आणि ग्वाल्हेरहून पाहुणे शाही स्नानाला येणार होते, आणि उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या घराचं अंगण त्यांना एकसलग, स्वच्छ दिसावं अशी माझी फार हौस होती. मधोमध दोन फूट बाय दोन फुटांचं ते सिमेंटचं झाकण, त्याला दोन गंजक्या कड्या. डोळ्यांत खुपायचं मला ते. मिस्त्रीने विचारलं, यावरूनही कोट्याची फरशी घालून टाकू का? मी हो म्हटलं.

नाना तेव्हा होते. माझ्या वडिलांची सगळी नोकरी पाण्याच्या नि सांडपाण्याच्या नळांवर देखरेख करण्यात गेली. ते एवढंच म्हणाले, "पाइप वळतो तिथे चेंबर, आणि चेंबर म्हटलं की ते उघडता आलं पाहिजे." मी उत्तर दिलं की आता पीव्हीसीचे पाइप आहेत, ते तुंबत नसतात. हे मी मिस्त्रीसमोर बोललो, आणि आवाज चढवून बोललो. नाना आत निघून गेले. 2018 मध्ये ते वारले. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

पुढच्याच वर्षी श्रावणात, ऐन पावसात, न्हाणीघरातलं पाणी उलटं वर यायला लागलं. कारण आता मला कळतं. माळव्याची ही काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. तिच्यात बसवलेली कुठलीही गोष्ट वर्षातून दोनदा हलते. पाइप पीव्हीसीचा असो की खापराचा, त्याचा उतार कुठेतरी मोडतो, तिथे गाळ बसतो आणि गाळावर बाकीचं अडकतं. म्हणजे दोष पाइपचा नव्हता, आणि नानांना हे पक्कं माहीत होतं.

चेंबर नेमकं कुठे आहे तेसुद्धा आम्हाला आठवेना. अंदाजाने तीन फरश्या फोडल्या, तेव्हा झाकण लागलं. साफ करायला एक तरुण आला होता, पंचविशीचा असेल. त्याच्याकडे बांबूची लांब कांब होती, ती वळणावर अडली. मग तो फोडलेल्या फरशीच्या कडेवर गुडघे टेकून पालथा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. हातमोजे नव्हते. मी घालून घेतलेल्या फरशीची धारदार कड त्याच्या दंडाला लागत होती, आणि मी चार पावलांवर नाकाला रुमाल लावून उभा होतो. पाणी वाहतं झाल्यावर त्याने नळाखाली हात धुतले आणि माझ्याकडे साबण मागितला. साबण आणायला मी आत गेलो, तेव्हा कोणता द्यावा यावर दोन क्षण थांबलो. ते दोन क्षण माझ्या मनातून जात नाहीत. हे लिहायला बसलो तेही त्यांच्यामुळेच.

त्यानंतर मी 2013 चा कायदा वाचला. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणसाकडून साफसफाई करून घेणं त्याने गुन्हा ठरवलं आहे. मला वाटत होतं, ही बंदी महापालिकांवर असेल, ठेकेदारांवर असेल. पण त्या कलमाच्या सुरुवातीलाच 'कोणतीही व्यक्ती' असं आहे. म्हणजे मीही. मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना 10 लाख रुपये द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. तोवरही माणसं मरायची थांबली नव्हती. आमचं चेंबर जेमतेम साडेतीन फूट खोल. तिथे कोणी मेलं नसतं, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण त्या मुलाला पालथं पडायला लावलं ते माझ्या फरशीने, हे त्याने बदलत नाही.

सुरुवातीला मी फोडलेल्या जागी कोट्याच्या सुट्या लाद्या नुसत्या ठेवून पाहिल्या. दोन बाय दोनची एक इंच जाडीची लादी पंचवीस किलोच्या आसपास भरते. पहारीशिवाय ती हलेना, आणि पाय पडला की डगमगायची. जे उघडायला दोन माणसं आणि पहार लागते ते कोणी उघडत नाही.

मग लाकूड सुचलं. जुन्या शहरातल्या वाड्यातला आमचा वाटा विकला तेव्हा सागाचं एक कवाड मी आणून ठेवलं होतं. 2023 च्या मे महिन्यात सुताराला बोलावलं. चार फूट बाय चार फुटांचा चौकोन अडीच इंच खाली घेतला, पावसाचं पाणी चेंबरमध्ये न शिरता बाहेरच्या नालीकडे जाईल असा त्याला उतार दिला, आणि त्यावर तीन तुकडे बसवले. प्रत्येक चार फूट लांब, सोळा इंच रुंद, खाली आडव्या पट्ट्या. पहिला तुकडा उलटा करून त्याने माझ्यासमोर धरला आणि मी पाहतच राहिलो. तो सरळसरळ पाट होता. आजी पंगतीला मांडायची तसा, फक्त मोठा. एकेकाचं वजन दहा किलोच्या आतबाहेर. माझी बायको एकटी उचलते.

मला फळ्या एकमेकींना चिकटून हव्या होत्या. सुतार ऐकेना. "बरसात में ये फूलेगी, भाईसाब," म्हणाला, आणि कानावरची पेन्सिल काढून दोन फळ्यांच्या मधे ठेवली. तेवढी फट. मे महिन्यात लाकूड सगळ्यात सुकं असतं. तेव्हा घट्ट बसवलेले पाट जुलैत एकमेकांत रुतून बसले असते आणि मी दुसऱ्यांदा तीच चूक केली असती. स्क्रू त्याने स्टेनलेसचे लावले, कारण ओल्या सागात साधं लोखंड गंजतं आणि भोवती काळे डाग पडतात. फळ्यांची कापलेली टोकं जवसाच्या तेलात दोनदा भिजवली, कारण लाकूड पाणी पितं ते टोकांकडून. पाट झाकणावर टेकत नाहीत, त्याच्या बाहेर टायरच्या रबराच्या तुकड्यांवर बसतात. उचलायला प्रत्येकाला दोन भोकं आहेत, बोटं जातील एवढी.

मधल्या पाटावर कवाडाच्या कडीचं जुनं छिद्र राहिलं आहे. त्याच्या बाजूला घासूनही न गेलेला कुंकवाचा एक तांबूस डाग आहे. तो पाहून आई म्हणाली, "वाड्याचं कवाड गटारावर?" माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हतं. पुढे मी तिला इतकंच म्हणालो की घरातलं सगळं ज्या वाटेने बाहेर जातं तीही घराचीच वाट आहे. तिला ते पटलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी आम्ही सगळे पाटांवर बसतो, ती खुर्ची आणून बाजूला बसते.

आता 2028 च्या सिंहस्थाची तयारी शहरभर चालली आहे, रस्ते रुंद होताहेत, पाहुणेही विचारू लागले आहेत. अंगण त्यांना एकसलग दिसणार नाही. मृगाआधी आणि दिवाळीआधी मी तिन्ही पाट उचलून भिंतीला टेकवतो, जेवणं उरकली की आजी टेकवायची तसे. झाकण आकड्याने सरकवतो, तोंड लांब ठेवून थोडा वेळ थांबतो, कारण आत साचलेला वायू वाईट. मग एक बादली पाणी ओततो. यंदा ओतलं तेव्हा आई दारात उभी होती.

"वाहतंय का रे?" तिने विचारलं.

"वाहतंय," मी म्हणालो.