गाडी कुणाच्या नावावर?

लोणावळ्याला टायगर पॉइंटवर, पावसाळ्यातल्या रविवारी, धुक्यात उभं राहून कांदाभजी खाताना माणूस कसलाही प्लॅन करू शकतो. आमचाही तिथेच ठरला. एक्स्प्रेस वेवर टू-व्हीलरला बंदी, त्यामुळे जुना हायवे हीच आमच्या ग्रुपची हक्काची जागा. हिंजवडीतले तीन आयटीवाले आणि त्यांच्यात मी एकटी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे सुट्टी भरपूर, पगार बेभरवशाचा!

‘‘व्हिएतनाम, बॉस! हा जियांग लूप. आणि जमलं तर तसंच पुढे लाओसमध्ये!’’ एकाने जाहीर केलं. खाली उतरेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसुद्धा तयार झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःची बाईक का नाही न्यायची? तर त्यासाठी बऱ्याच देशांत ‘कार्ने’ नावाचा कागद लागतो. ‘ही गाडी मी तुमच्या देशात विकणार नाही, परत घेऊन जाईन’ अशी कस्टम्सला दिलेली हमीच ती. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ती देते. गाडीच्या किमतीनुसार मोठी अनामत ठेवावी लागते. शिवाय बाईक जहाजाने पाठवायचा खर्च वेगळाच. आणि एवढं सगळं करूनही गाडी परदेशात हरवली तर? २०२५ मध्ये मुंबईहून निघून देशांमागून देश पार करत इंग्लंडला पोचलेल्या एका मराठी बायकरची बाईक नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली. सामान गेलंच, पासपोर्टही गेला. बातमी वाचून आमचा ग्रुप दोन दिवस गप्प होता.

म्हणजे दहा दिवसांच्या रजेत दोनच पर्याय. तिथे भाड्याने घ्या, नाहीतर विकत घ्या. विकत घ्यायचा फंडा तर एकदम सही वाटत होता. हनोईत सेकंडहँड बाईक घ्यायची, भटकायचं आणि हो चि मिन्ह सिटीत पुढच्या टुरिस्टला विकून विमानात बसायचं. कित्येक बॅकपॅकर्स हेच करतात.

त्या संध्याकाळी मी कामशेतला घरी गेले. जुन्या हायवेलगत बाबांचं गॅरेज आहे. बाबा एका स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर उघडून बसले होते. मी उत्साहात सगळा प्लॅन सांगितला. त्यांनी मान वर न करता एकच प्रश्न विचारला.

‘‘गाडी कुणाच्या नावावर असणार?’’

‘‘अहो बाबा, तिथे कोण बघतंय! तो कागद मूळ मालकाच्याच नावावर राहतो. गाडी हातोहात विकली जाते.’’

‘‘मग पडलीस, कुणाला उडवलंस, तर कुणाला धरणार?’’

मी गप्प. कारण या प्रश्नाचं उत्तर आमच्या घराला पाठ आहे.

२०११ मध्ये माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, मित्राला बाईक दिली होती. ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणून गेलेल्या त्या मित्राने कार्ला फाट्याजवळ एका काकांना धडक दिली. काकांचा पाय कायमचा गेला. मित्राकडे लायसन्सच नव्हतं. गाडीचा इन्शुरन्स होता, त्यामुळे कोर्टाने सांगितल्यावर कंपनीने काकांना भरपाई दिली. पण नंतर तीच रक्कम दादाकडून वसूल केली. का, तर बिनलायसन्सच्या माणसाच्या हातात गाडी दिली म्हणून. सहा वर्षं वडगावच्या आणि पुण्याच्या फेऱ्या, वर साडेचार लाख रुपये. काकांनी तीन गुंठे जमीन विकली. दादा आजही बाईकला हात लावत नाही.

रात्री मी लॅपटॉप उघडला आणि ग्रुपवर कुणीच न वाचलेल्या गोष्टी वाचत बसले.

परदेशात गाडी चालवायला आपण आरटीओकडून आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घेतो. फी एक हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. तुमच्याकडे फक्त कारचं लायसन्स असेल, तर हे परमिट बाईकला चालत नाही. इथपर्यंत ठीक. पण खरी गोची पुढे आहे. हे परमिट दोन वेगवेगळ्या करारांखाली निघतं. एक १९४९ चा जिनिव्हा करार, दुसरा १९६८ चा व्हिएन्ना करार. भारत पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. व्हिएतनाम दुसऱ्यात आहे, पहिल्यात नाही. म्हणजे आपण हौसेने काढलेलं परमिट व्हिएतनाममध्ये निव्वळ एक कागद! थायलंडमध्ये तेच चालतं, कारण तो देश १९४९ चा करार मानतो.

‘मग काय, पोलिसाने पकडलं तर दंड भरू,’ ग्रुपवर उत्तर आलं. दंडाचं एवढं नाही हो. मी माझी ट्रॅव्हल इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की त्या देशात वैध लायसन्स नसताना बाईक चालवली, तर हॉस्पिटलचा खर्च मिळणार नाही. भाड्याने देणारा लायसन्स बघतही नाही, पासपोर्ट ठेवून घेतो आणि किल्ली देतो. किल्ली मिळाली म्हणजे परवानगी मिळाली, असं आपण धरून चालतो. गोव्यात नाही का, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली अधिकृत भाड्याची गाडी सोडून आपण कुणाची तरी खासगी गाडी शंभर रुपये वाचवायला घेतो!

आणि लाओस? भाड्याची गाडी दुकानदार सीमेपलीकडे सहसा नेऊच देत नाही. विकत घेतलेली असेल, तर कागदावर भलत्याच माणसाचं नाव. अशा वेळी पलीकडे जायचं की नाही, ते चौकीवरच्या साहेबाच्या मूडवर.

ग्रुपवर जाम वादावादी झाली. मला ‘काकू’ ही पदवीही मिळाली. शेवटी दसऱ्यानंतर आम्ही गेलोच. लाओस रद्द. दोघांनी बाईक भाड्याने घेतल्या. मी आणि एकजण स्थानिक रायडरच्या मागे बसलो. तिथे याला ‘ईझी रायडर’ म्हणतात. गाडी त्याची, लायसन्स त्याचं, रस्ता त्याच्या ओळखीचा. कॉलेजपासून बाईक चालवणाऱ्या मला मागे बसायला किती जड गेलं, ते विचारू नका.

मा पी लेंग खिंडीत, खाली न्हो क्वे नदीची हिरवी रेघ दिसत असताना, आमच्यातला एकजण वळणावर घसरला. गुडघा सोलवटला, आरसा तुटला, बस. दुकानदाराने आरशाचे पैसे घेतले आणि विषय संपला. पण तो पडला, तेव्हा तीन-चार फुटांवर पाठीवर टोपली घेतलेली एक म्हातारी उभी होती. आम्ही चौघांनी तिच्याकडे पाहिलं. रात्री जेवताना कुणीच फार बोललं नाही. मला ‘काकू’ही कुणी म्हटलं नाही.

परत आल्यावर मी बाबांना पुढचा प्लॅन सांगितला. आपलीच बुलेट घेऊन नेपाळ. आपलं लायसन्स तिथे चालतं, सुनौलीच्या सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे कस्टम्सची रोजच्या हिशेबाने फी भरायची, ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवायचं. लायसन्स आहे, पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे. सगळं टकाटक!

बाबांनी हात पुसले, बुलेटची आरसी मागितली आणि माझ्यासमोर धरली. सहा वर्षं ‘माझी बुलेट, माझी बुलेट’ म्हणत मी जी मिरवते, ती बाबांच्या नावावर आहे.

मी हसले. बाबा नाही हसले. ‘‘उद्या फॉर्म आण,’’ म्हणाले.

फॉर्म २९ आणि ३०. दोघांच्या सह्या झाल्यात, इन्शुरन्सही माझ्या नावावर करायला टाकलाय. सोमवारी पिंपरी-चिंचवड आरटीओला जातेय. नेपाळ त्यानंतर.