टेलच्या खोलीचा गारठा

टोरंटोच्या उपनगरांत नोव्हेंबर लागला की एक तक्रार हमखास कानावर येते. थर्मोस्टॅट एकवीस दाखवतो, हॉलमध्ये स्वेटर काढावासा वाटतो, आणि गॅरेजवरच्या खोलीत पाय गारठतात. सोबत उपायही सांगितला जातो : "दादा, मोठा फर्नेस बसवून टाका, होऊ दे एकदाचा खर्च." या धंद्यात असूनही मी सहसा नको म्हणतो. इकडच्या घरांत उष्णता कमी पडते असं क्वचित होतं. ती नीट वाटली जात नाही, हे खरं दुखणं.

बेसमेंटमधला फर्नेस गॅसवर हवा तापवतो, पंखा ती पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतो आणि रिटर्नच्या जाळ्यांतून ती परत खाली येते. या परतीकडे कुणाचं लक्ष नसतं. खोलीत रिटर्न नाही, दार लावलेलं आहे आणि दाराखाली फटही नाही, अशा खोलीत हवा शिरणार कशी? आतला दाब वाढतो आणि व्हेंटमधून येणारा झोत मंदावतो. एका घरी सांगलीहून आलेल्या आजी शाल गुंडाळून बसलेल्या. म्हणाल्या, "अरे बाळा, तुमच्या यंत्रात दमच नाही." दम भरपूर होता. नवा जाड गालिचा दाराच्या तळाला घासत होता, एवढंच. सुताराकडून दार खालून तासून घेतलं आणि झोत सुरू झाला.

मोठ्या फर्नेसने दुखणं वाढतं. थर्मोस्टॅट असतो मधल्या पॅसेजमध्ये. दांडगा फर्नेस तिथलं तापमान झटक्यात गाठतो आणि बंद होतो, तोवर लांबच्या डक्टचा पत्राही धड तापलेला नसतो. त्यापेक्षा बेताच्या ताकदीचा, मंद आणि सलग चालणारा बरा. टू-स्टेज फर्नेस निघाले ते यासाठीच.

आपल्या लोकांची आणखी एक आवडती काटकसर म्हणजे रिकाम्या खोल्यांचे व्हेंट बंद करणं. फर्नेसच्या पंख्याला ठराविक दाबच झेपतो, बहुतेक घरगुती फर्नेसना पाण्याच्या अर्ध्या इंचाएवढा. व्हेंट मिटत गेलात की दाब चढतो, हवा कमी वाहते, फर्नेस आतून जास्त तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद पाडतो. धुळीने भरलेला फिल्टरही हेच करतो. तरी व्हेंट मिटले की गॅस वाचतो, ही समजूत काही केल्या जात नाही.

हवा वाटण्याचं काम मला कालव्याच्या पाण्यासारखं वाटतं : हेडचे शेतकरी भरपूर घेतात आणि टेलचा कोरडा राहतो. म्हणून सुरुवात टेलपासून. आधी सगळे डॅम्पर, म्हणजे डक्टमधल्या झडपा, पूर्ण उघडायचे. त्यांची दांडी डक्टच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. सर्वांत लांबच्या खोलीला हात लावायचा नाही, फर्नेसजवळच्या फांद्या मात्र थोड्या थोड्या आवळायच्या. एका वेळी एकच, आणि मग दिवसभर थांबायचं. घराच्या भिंती आणि सामान सावकाश तापतं, त्यामुळे तासाभरात घेतलेलं माप फसवं असतं. दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन येत असतानाही मोजू नये, सूर्य मावळल्यावर मोजावं. मनासारखं जमलं की डक्टवर मार्करने खूण करून 'हिवाळा' असं लिहायचं, कारण जुलैत त्याच डक्टमधून गार हवा जाते आणि तेव्हा वाटणी बदलावी लागते.

डक्टचे सांधेही तपासतो. कापडी डक्ट टेप डक्टवर टिकत नाही, हे बर्कलीच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये तपासून दाखवलं. मी मॅस्टिकचा लेप देतो. हात बरबटतात, पण गळती थांबते.

खोलीगणिक उष्णता वाटायची कल्पना तशी जुनीच. अॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईंनी १९१९ मध्ये गॅसवरच्या फर्नेसचं पेटंट घेतलं. त्यात घराच्या वेगवेगळ्या भागांची उष्णता वेगवेगळी राखायची सोय कल्पिलेली होती. शंभर वर्षांनंतरही इथल्या बहुतेक घरांत सगळ्या खोल्यांवर एकाच थर्मोस्टॅटचा हुकूम चालतो, याची मला गंमत वाटते.

गॅरेजवरच्या खोलीबाबत मात्र डॅम्परची करामत एका मर्यादेपर्यंतच चालते. तिची जमीनच थंड गॅरेजवर असते, बऱ्याचदा तीन भिंती उघड्यावर, आणि डक्टही सगळ्यांत लांबचं. जमिनीखाली इन्सुलेशन नीट भरलेलं नसेल तर मी तसं स्पष्ट सांगतो आणि ते काम करणाऱ्याला आधी बोलवायला लावतो.

तेव्हा मंडळी, फोन उचलण्याआधी फिल्टर उजेडासमोर धरून बघा, मिटलेले व्हेंट उघडा, रिटर्नच्या जाळीसमोरचा सोफा सरकवा. तरीही खोली गारच राहिली तर जरूर बोलवा. आणि घराच्या भिंती-खिडक्या न मोजताच कुणी मोठा फर्नेस सुचवला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.